हॉवर्ड काउंटीचा कौल

मिनेसोटातल्या रोचेस्टरहून हायवे ६३ दक्षिणेला निघतो आणि तासाभरात आयोवा राज्यात शिरतो. शिरतो तो थेट हॉवर्ड काउंटीत. भाच्याने गाडी दिली खरी, पण कुरकुरतच. ‘मामा, तिथे मक्याशिवाय काही नाही,’ असं त्याचं म्हणणं होतं. मका होताच. जुलैतला, डोक्याच्या वर गेलेला, काळपट हिरवा, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी. मक्याची सीमा संपली की सोयाबीन आणि सोयाबीन संपलं की पुन्हा मका.

मी मात्र निघालो होतो मतमोजणीच्या एका आकड्यापायी. अमेरिकेत तीन हजारांवर काउंट्या आहेत. त्यांपैकी २०१२ साली बराक ओबामांना वीस टक्क्यांहून जास्त आघाडी देणारी आणि चारच वर्षांनी डोनाल्ड ट्रम्प यांनाही वीस टक्क्यांहून जास्त आघाडी देणारी काउंटी एकच निघाली, ती ही. पारडं तब्बल एक्केचाळीस टक्क्यांनी फिरलं. निकालानंतर मोठ्या शहरांतले वार्ताहर इथे येऊन गेले, चहाटळपणाने म्हणावं तर ‘असं केलंत तरी का?’ हे विचारायला. लोकांनी उत्तरं दिली, ती छापून आली आणि वार्ताहर परत गेले. मला उत्सुकता होती ती त्याआधीच्या दीडशे वर्षांची आणि त्यानंतरच्या काळाची.

हॉवर्ड काउंटीचं क्षेत्रफळ आहे सुमारे सव्वाबाराशे चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका. त्यात २०२० च्या जनगणनेला माणसं भरली ९,४६९. आपल्याकडे एवढी वस्ती एखाद्या बाजारपेठेच्या गावाचीच असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे चौदा हजारांवर लोक होते. शेत तेवढंच राहिलं, यंत्रं मोठी होत गेली, माणसं कमी लागू लागली. रस्ते पट्टीने आखावेत तसे काटकोनात. एकोणिसाव्या शतकात सरकारी मोजणीदारांनी सगळा मुलूख सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपांमध्ये आणि टाउनशिपा ६४० एकरांच्या तुकड्यांमध्ये कापल्या, तीच रेघ आजही खडीच्या रस्त्याच्या रूपाने जागेवर आहे.

लाइम स्प्रिंग्स गावाच्या पश्चिमेला या मोजणीतून एक तुकडा निसटला आहे. हेडन प्रेअरी म्हणतात त्याला. २४० एकरांचं नांगर न लागलेलं गवताळ रान. एडा हेडन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचं नाव त्याला दिलंय. गाडी रस्त्याच्या कडेला लावून आत शिरलो तर गवत कमरेपर्यंत, त्यात जांभळी, पिवळी फुलं आणि भुंग्यांचा असा गलका की पलीकडच्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू येईना. कुंपणापलीकडे मक्याच्या ओळी, तिथे मात्र एक किडा नाही. बहुतेक आयोवा कधी काळी अलीकडच्या बाजूसारखं होतं. त्या गवताच्या मुळांनी हजारो वर्षांत जी काळी माती घडवली, तिच्याच जोरावर इथली शेती आणि इथलं राजकारण, दोन्ही उभं आहे.

काउंटीचं मुख्य ठिकाण क्रेस्को. वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. न्यू ओरेगन आणि व्हर्नन स्प्रिंग्स या जुन्या वस्त्यांना बाजूला टाकून १८६६ साली रेल्वे इथून गेली, म्हणून हे गाव वसलं आणि काउंटीची कचेरीही कालांतराने इथेच आली. कुस्तीच्या शौकिनांनी ध्यानात ठेवावं की आयोवाच्या कुस्तीचं ‘हॉल ऑफ फेम’ याच गावात आहे. विमानातली जगातली पहिली हवाई सुंदरी एलन चर्च हीही इथलीच, १९०४ चा जन्म. मुख्य रस्ता रुंद, दुकानं विटांची, पार्किंग फुकट. गावात एअर फिल्टरचा आणि जनावरं वाहून नेण्याच्या ॲल्युमिनियम ट्रेलरचा असे दोन कारखाने आहेत. शेतकऱ्याच्या घरातलं निदान एक माणूस बाहेर पगारावर असतं, कारण आरोग्यविमा शेतीतून मिळत नाही, नोकरीतून मिळतो.

कोर्ट हाउसमध्ये ऑडिटरची कचेरी आहे. आयोवात निवडणुका घेण्याचं काम काउंटी ऑडिटरकडे असतं आणि तो ऑडिटर स्वतःही पक्षाच्या चिन्हाखाली निवडून आलेला असतो. निवडणूक आयोग, निरीक्षक, आचारसंहिता यांची सवय असलेल्या आपल्यासारख्याला हे पचायला जड जातं. पक्षाचाच माणूस मतं मोजणार? मोजतो, आणि बहुतेक वेळा कुणी तक्रार करत नाही. मतदान कागदी पत्रिकेवर, मोजणी यंत्रावर. मी नमुना मतपत्रिका मागितली तर खिडकीतल्या बाईंनी मागच्या निवडणुकीची एक काढून दिली. दोन्ही बाजूंनी छापलेली. वर अध्यक्ष, मग संसद सदस्य, मग राज्याचे प्रतिनिधी. त्याखाली काउंटीचे सुपरवायझर, शेरीफ म्हणजे फौजदार, माती-पाणी संवर्धन मंडळ, शेतीविस्तार समिती. शेवटी न्यायाधीश, ज्यांच्यापुढे फक्त ‘ठेवा’ किंवा ‘काढा’. एवढ्या जागांवर निरनिराळ्या पक्षांना मत द्यायची मुभा असणं आणि तशी मतं खरंच देणं, हेच पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मतदाराचं वैशिष्ट्य होतं.

हे वैशिष्ट्य काही पहिल्यापासून नव्हतं. काउंटीची आखणी १८५१ ची, कारभार सुरू झाला १८५५ ला, आणि त्याच सुमारास रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. यादवी युद्धानंतरच्या आयोवात हा पक्ष म्हणजे जवळजवळ राज्यधर्मच होता. त्याला पहिला तडा दिला दारूने. १८८०च्या दशकात रिपब्लिकनांनी राज्यात दारूबंदी आणली. न्यू इंग्लंडहून आलेल्या प्रोटेस्टंटांना ती पसंत होती, पण जर्मन, आयरिश आणि चेक कॅथलिकांना बिअरविना रविवार म्हणजे धर्मातच ढवळाढवळ वाटली. १८८९ साली होरेस बॉइस हे डेमोक्रॅट गव्हर्नर म्हणून निवडून आले. १८५० च्या दशकाच्या मध्यापासून १९३३ पर्यंत आयोवात सत्तेवर आलेले ते एकमेव डेमोक्रॅट गव्हर्नर.

काउंटीच्या दक्षिण टोकाला प्रोटिव्हिन आहे, चेक लोकांचं गाव. अजूनही तिथे कोलाची मिळते: मऊ पाव, मध्ये खळगा आणि खळग्यात खसखशीचं किंवा सुक्या आलुबुखाराचं गोड सारण. मी खसखशीची घेतली, मग आणखी एक घेतली. इथून जवळच शेजारच्या काउंटीतल्या स्पिलव्हिल नावाच्या चेक गावात संगीतकार ड्वोरझाकने १८९३ चा उन्हाळा काढला होता. अशा गावांची मतं आणि चार कोसांवरच्या नॉर्वेजियन लुथरन गावांची मतं एकाच पेटीत पडायची, म्हणून आयोवाच्या या ईशान्य कोपऱ्यात डेमोक्रॅट कधी पुरते नामशेष झाले नाहीत.

दुसरा तडा शेतमालाच्या भावाने दिला. आयोवाचे जेम्स वीव्हर १८९२ साली पॉप्युलिस्ट पक्षाकडून अध्यक्षपदाला उभे राहिले आणि त्यांनी सुमारे साडेआठ टक्के मतं घेतली. खुद्द आयोवाने त्यांना फारसं जवळ केलं नाही, हा भाग वेगळा. १९३२ मध्ये मिलो रेनो यांच्या फार्म हॉलिडे चळवळीने शेतमाल शहरात जाऊ द्यायचा नाही म्हणून रस्ते अडवले. एप्रिल १९३३ मध्ये राज्याच्या पश्चिमेला ल मार्स इथे जमिनीच्या जप्त्या थांबवत नाही म्हणून शेतकऱ्यांनी न्यायाधीशाला कोर्टातून ओढून नेलं आणि गळ्यात दोर अडकवला. न्यायाधीश वाचले. ही मंडळी कुणी जहाल क्रांतिकारक नव्हती, चर्चला जाणारे कुणबीच होते. त्याच वर्षी आयोवाचेच हेन्री वॉलेस रूझवेल्ट यांचे कृषिमंत्री झाले आणि पीक कमी लावण्यासाठी शेतकऱ्याला पैसे देण्याची पद्धत सुरू झाली. सरकार भावात हात घालतं, हे तेव्हापासून इथे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलं आहे. मुक्त बाजारावर भाषण ठोकणारा रिपब्लिकन उमेदवारही आयोवात आला की इथेनॉलची आरती करतो. राज्यातला निम्म्याहून जास्त मका इथेनॉलच्या कारखान्यात जातो, मग दुसरं करणार काय?

तिसरा आणि सर्वांत खोल घाव १९८०च्या दशकातला. सत्तरच्या दशकात ‘जमीन घ्या, कर्ज काढा, धान्य जगाला विका’ असा सल्ला सरकारपासून बँकेपर्यंत सगळे देत होते. मग जानेवारी १९८० मध्ये कार्टर यांनी सोव्हिएत संघाची धान्यविक्री रोखली, व्याजदर आभाळाला भिडले आणि जमिनीचे भाव कोसळले. आयोवात सरासरी एकराचा भाव १९८१ साली २,१४७ डॉलर होता, तो १९८६ साली ७८७ वर आला. कर्ज तेवढंच, तारण एक तृतीयांश. लिलाव झाले, बँका बुडाल्या, आत्महत्या झाल्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. क्रेस्कोच्या पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानात सकाळी निवृत्त शेतकऱ्यांचा अड्डा असतो. तिथे भेटलेल्या बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेल्या आजोबांना मी ओबामा-ट्रम्पबद्दल विचारलं, तर ते बोलत राहिले १९८५ बद्दल. शेजाऱ्याचं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यांनी त्याचा नांगर विकत घेतला होता आणि तो पुढे कधीच वापरला नाही, एवढंच सांगून त्यांनी कॉफी संपवली.

१९८४ साली रिपब्लिकन रेगन यांना निवडणारं आयोवा १९८८ मध्ये डेमोक्रॅट मायकल दुकाकिस यांच्या पाठीशी दहा टक्क्यांच्या आघाडीने उभं राहिलं. दुकाकिस यांना देशभरात फक्त दहा राज्यं मिळाली, त्यांतलं हे एक. यापुढचं पाव शतक हा आयोवाच्या मतदाराचा बहराचा काळ. १९८५ ते २०१५ अशी तीस वर्षं या राज्याने सिनेटवर एकाच वेळी चार्ल्स ग्रासली हा कर्मठ रिपब्लिकन आणि टॉम हार्किन हा पक्का डेमोक्रॅट पाठवला, आणि दोघांना पुन:पुन्हा निवडून दिलं. तेच मतदार, तेच केंद्र. बाहेरच्यांना यात गोंधळ दिसायचा. इथल्यांचा हिशेब सरळ होता: माणूस ओळखीचा आहे, शेतीसाठी भांडतो आणि दरवर्षी काउंटीत येतो. ग्रासली तर दरवर्षी सगळ्या ९९ काउंट्यांना भेट देतात, अगदी नव्वदी गाठली तरी.

येणं-जाणं वाढायला आणखी एक कारण होतं, कॉकस. १९७२ पासून अध्यक्षपदाच्या उमेदवारांची पहिली परीक्षा आयोवात होत असे. जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्यात, शाळेच्या जिममध्ये नाहीतर चर्चच्या तळघरात शेजारी जमत. रिपब्लिकन चिठ्ठी टाकून मोकळे होत. डेमोक्रॅटांची रीत मजेची होती. ज्याचा जो उमेदवार, त्याने त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. एखाद्या कोपऱ्यात पंधरा टक्के माणसं जमली नाहीत की तो कोपरा मोडायचा आणि बाकीचे त्यांना आपल्याकडे ओढायला धावायचे. गुप्त मतदान नावाला नाही. बायको एका कोपऱ्यात, नवरा दुसऱ्या. ३ जानेवारी २००८ ला ओबामा इथेच जिंकले आणि हिलरी क्लिंटन तिसऱ्या आल्या. जवळजवळ सगळी वस्ती गोरी असलेल्या राज्याने कौल दिल्यावरच, हा माणूस अध्यक्ष होऊ शकतो, असं देशाला वाटू लागलं.

याच लोकांनी २०१० साली काय केलं तेही पाहा. आदल्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने समलिंगी विवाह मान्य केला होता. मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या त्या ‘ठेवा-काढा’ रकान्यात आयोवाच्या मतदारांनी सरन्यायाधीशांसह तीन न्यायमूर्ती घरी पाठवले. आणि दोनच वर्षांनी ओबामांना पुन्हा राज्य जिंकून दिलं. म्हणजे सामाजिक बाबतीत सनातनी असूनही डेमोक्रॅटला मत देणारा मोठा वर्ग इथे होता. २०१२ साली ओबामांसमोर मिट रॉम्नी होते, कंपन्या विकत घेऊन पैसा कमावलेले गृहस्थ. कारखान्यात काम करणाऱ्याला आणि १९८५ विसरू न शकलेल्याला तो चेहरा बँकरचा वाटला. शिवाय त्या वर्षी दुष्काळामुळे मक्याचा भाव बुशेलला, म्हणजे पंचवीस किलोंना, आठ डॉलरवर गेला होता. ज्याच्या शेतात पीक उभं होतं तो खुशीत होता.

२०१६ पर्यंत तो भाव साडेतीन डॉलरच्या खाली आला. देशातलं शेतीचं निव्वळ उत्पन्न २०१३ च्या मानाने निम्म्यावर आलं होतं. डेमोक्रॅटांच्या उमेदवार हिलरी क्लिंटन या भागाला कधीच आपल्या वाटल्या नव्हत्या. आयोवाच्या कॉकसमध्ये पक्षातलेच प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांनी त्यांना जवळजवळ बरोबरीत आणलं होतं. समोर व्यापार करारांना शिव्या घालणारा रिपब्लिकन उभा होता, आणि आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनाही तो शिव्या घालत होता. ओबामांना दोनदा निवडून मग ट्रम्पकडे वळलेल्या देशभरातल्या २०६ काउंट्यांपैकी ३१ एकट्या आयोवातल्या. यात वंशद्वेष होता का? थोडा असणारच. हॉवर्ड आणि मिचेल काउंट्यांच्या सीमेवरच्या राइसव्हिलमध्ये जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी, तिसरीच्या मुलांना निळ्या आणि तपकिरी डोळ्यांवरून वेगळं करून भेदभाव म्हणजे काय ते दाखवलं. जगभर गाजलेल्या त्या प्रयोगाबद्दल गावातल्या पुष्कळांनी त्यांना माफ केलं नाही. पण ज्यांनी ओबामांना दोनदा भरभरून मतं दिली, त्यांचा सगळा हिशेब एवढ्या एका शब्दात संपवणं मला आळशीपणाचं वाटतं.

क्रेस्कोपासून पूर्वेला वीसेक मैलांवर विनेशीक काउंटीचं डेकोरा आहे. हवा तीच, माती तीच, नॉर्वेजियन आजे-पणजे तेच. पण तिथे लुथर कॉलेज आहे, पुस्तकांचं दुकान आहे, महागडी कॉफी आहे. विनेशीकही २०१६ मध्ये ट्रम्पकडे गेली, पण जेमतेम. आज अमेरिकन खेड्यातला राजकीय फरक कोणत्या गोष्टीवर ठरतो, ते अर्ध्या तासाच्या या रस्त्यावर दिसतं: गावात कॉलेज आहे की नाही. दारू आणि चर्च यांनी जो पट मांडला होता, तो आता पदवीने मांडला आहे.

एवढं सगळं वॉशिंग्टनच्या खुर्चीबद्दल. काउंटीत भांडणं होतात ती वेगळ्याच गोष्टींवरून. आयोवात माणसं बत्तीस लाख, तर डुकरं दोन कोटींहून जास्त. हजारो डुकरं एका छपराखाली कोंडणाऱ्या लांबलचक शेडा रस्त्यावरून दिसतात, आणि दिसण्याआधी नाकाला कळतात. आपल्या काउंटीत अशी शेड नको असं सुपरवायझरांना वाटलं तरी त्यांना ती अडवता येत नाही. राज्याने गुणपत्रक ठरवून दिलंय. ८८० पैकी ४४० गुण मिळाले की अर्ज पास, सुपरवायझरांनी फार तर शिफारस करावी. स्थानिक स्वराज्याचे गोडवे गाणारा पक्षच राज्यात सत्तेवर आहे आणि तरीही हा कायदा तसाच आहे. इथेनॉल कारखान्यांतला कार्बन वायू नळाने नॉर्थ डकोटात नेऊन जमिनीत पुरायची योजना निघाली, तेव्हा भूसंपादनाच्या प्रश्नावर रिपब्लिकनांमध्येच उभी फूट पडली. सक्तीच्या संपादनाला वेसण घालणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं आणि जून २०२५ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर किम रेनल्ड्स यांनीच नकाराधिकार वापरला.

क्रेस्कोच्या नैर्ऋत्येला खडीच्या रस्त्यावर कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचं शेत आहे. १९१४ चा जन्म, नॉर्वेजियन घर. त्यांची एका खोलीची शाळाही जपून ठेवली आहे. आठवीपर्यंत सगळे वर्ग त्या एकाच खोलीत. शाळेतल्या दिवसांत बोरलॉग कुस्ती खेळायचे. त्यांच्या आयुष्यातही राजकारण आहेच. उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेले वॉलेस १९४० साली मेक्सिकोला गेले, तिथली शेती पाहून हळहळले आणि त्यातून जी संशोधन योजना उभी राहिली, तिच्यात १९४४ साली बोरलॉग रुजू झाले. तिथे तयार झालेल्या बुटक्या गव्हाचं अठरा हजार टन बियाणं १९६६ मध्ये भारतात आलं. पुढे बोरलॉग यांनी सुरू केलेला ‘वर्ल्ड फूड प्राइझ’ आयोवाची राजधानी दि मॉइन इथे दिला जातो. १९८७ चा पहिला मिळाला स्वामिनाथन यांना आणि १९९८ चा जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना. क्रेस्कोत जालन्याचं नाव काढायला मला एवढी सोय पुरेशी होती. ऐकणाऱ्या बाईंनी उच्चार दोनदा विचारून घेतला.

आता त्यानंतरचं. २०१८ मध्ये चीनने अमेरिकन सोयाबीनवर पंचवीस टक्के आयात कर लावला, भाव पडले. वीव्हर किंवा रेनो यांच्या काळातलं हॉवर्ड असतं तर सत्तेवरच्या पक्षाला त्याची किंमत मोजावी लागली असती. पण केंद्राने दोन वर्षांत मिळून अठ्ठावीस अब्ज डॉलरची भरपाई जाहीर केली, आणि २०२० मध्ये इथे ट्रम्प यांची आघाडी कमी न होता वाढली, शंभरातली सुमारे त्रेसष्ट मतं. २०२४ मध्ये ती आणखी वाढली. त्या निवडणुकीच्या तोंडावर आयोवातल्या सर्वांत भरवशाच्या पाहणीने कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याचं सांगितलं होतं. निकाल लागला तो ट्रम्प तेरा टक्क्यांनी पुढे असा. आज आयोवाचे दोन्ही सिनेटर आणि चारही खासदार रिपब्लिकन आहेत. डेमोक्रॅटांनी पहिल्या कॉकसचा मान आयोवाकडून काढून घेतला, त्यामुळे त्या बाजूचे उमेदवार आता क्रेस्कोची वाट वाकडी करत नाहीत.

हॉवर्डची प्रसिद्धी झाली ती एका निवडणुकीत फिरली म्हणून. माझ्या मते त्यात नवल थोडं होतं. भाव, कर्ज आणि माणूस पाहून फिरणं हा इथला जुना रिवाजच होता. बातमी आहे ती फिरणं थांबलं ही. ग्रासली आणि हार्किन यांना एकाच दशकात निवडणारा मतदार गेला, तो काही रिपब्लिकनांच्या नशिबाने गेला असं नाही. दुसऱ्या काही राज्यांत मतदार डेमोक्रॅटांच्या पदरात तितकाच घट्ट बसला आहे.

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहायला जाणारे मराठी आईवडील आता घरोघरी आहेत. मुक्काम सम वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडला, तर नायगारा पुन्हा पाहण्याऐवजी एक दिवस जवळच्या काउंटीच्या कचेरीत जाऊन या. नमुना मतपत्रिका मागितली की देतात, पैसे घेत नाहीत. दोन्ही बाजू वाचा.